ऑटोमॅटिक गाडी झटके देते: एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी की डीसीटी, कोणता दोष परवडतो?

वापरलेली ऑटोमॅटिक गाडी पाहायला गेलात, ट्रायलला निघालात आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या आसपास गाडीने झटका दिला, की विकणारा हमखास म्हणतो, "ऑटोमॅटिक आहे, एवढं चालायचंच." कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा त्या एका वाक्यामागे अख्खा गिअरबॉक्स उतरवायचं काम लपलेलं असतं. फरक ओळखायचा तर दोन गोष्टी आधी कळायला हव्यात: बोनेटखाली कोणत्या जातीचा गिअरबॉक्स आहे आणि झटका नेमका केव्हा बसतो.

त्याआधी एक शंका फेडून घ्या. झटका गिअरबॉक्सचाच आहे का? माझी टॉर्क कन्व्हर्टरची गाडी ताशी ६० च्या आसपास, हलका चढ लागला की थरथरायची. एका गॅरेजने फक्त चक्कर मारून निकाल दिला: गिअरबॉक्स खोलावा लागेल. दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र) लावून गाडी चालवली. तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर (इंधन नीट न पेटणं) मोजणारा आकडा चढावर भराभर वाढत होता. त्याने तिसऱ्याची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) काढून पहिल्यावर बसवली आणि पुन्हा तोच चढ चढला. आता पहिला सिलिंडर मिसिंग करायला लागला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. तुटलेलं इंजिन माउंटिंग, घाण धरलेली थ्रॉटल बॉडी, झिजलेले स्पार्क प्लग हेही असेच झटके देतात. स्वस्त कारणं आधी वगळायची, मग गिअरबॉक्सकडे वळायचं.

एएमटी

हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तेवढं तुमच्याऐवजी अॅक्चुएटर नावाचं यंत्र करतं. गिअर बदलताना क्लच सुटतो आणि क्षणभर चाकांची ताकद तुटते, म्हणून मान हलल्यासारखं होतंच. विकणाऱ्याचं ते वाक्य इथे बरंचसं खरं ठरतं. गिअर पडताना अॅक्सिलरेटर थोडा सोडून पाहा. झटका मऊ झाला तर तो स्वभाव समजा. गाडी जागेवरून निघताना मात्र थडथडत असेल, किंवा रेस वाढते आणि गाडी मागे राहते असं होत असेल, तर क्लच प्लेट संपत आली आहे. ते काम बहुतेक मॅन्युअल गाडीसारखंच, फक्त नवा क्लच बसवल्यावर स्कॅनरने त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. ते न केल्यामुळे नव्या क्लचवरही झटके खाणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

टॉर्क कन्व्हर्टर

इथे इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा कन्व्हर्टर असतो. माझं मत सरळ सांगतो: दोष असलेली ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल, तर ती या जातीची असावी. यातले दोष पायरीपायरीने येतात, आणि बऱ्याच पायऱ्यांवर त्यांना थांबवता येतं.

सगळ्यात ओळखीचा दोष म्हणजे लॉक-अपची थरथर. ठरावीक वेगाला कन्व्हर्टरच्या आतला क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. ऑईल जुनं झालं की तो क्लच घट्ट धरत नाही, घसरत-पकडत राहतो. रस्त्यावरच्या रम्बलर पट्ट्यांवरून चालल्यासारखं वाटतं, साधारण ५० ते ८० च्या वेगात, अॅक्सिलरेटर हलका असताना. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, अॅक्सिलरेटर तसाच ठेवा आणि ब्रेकला नुसता स्पर्श करा, फक्त ब्रेकलाइट लागेल इतका. लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली आणि ब्रेक सोडल्यावर परत आली, तर संशय लॉक-अपवर. मिसफायरची शंका उरलीच तर स्कॅनर आहेच.

हा दोष लवकर पकडला तर योग्य ग्रेडचं ऑईल आणि फिल्टर बदलून पुष्कळदा जातो. "आयुष्यभर चालणारं ऑईल" या शब्दांवर विसंबू नका; झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, किंवा फार तर ८ वर्षांनी, ऑईल बदलायला सांगते. एकदा ऑईल सोडलं की सगळं निघत नाही, बराच भाग कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. म्हणून थोडं चालवून पुन्हा बदलावं लागतं.

पी मधून डी किंवा आर मध्ये टाकल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग गिअर धाडकन बसतो, तर ऑईलचा दाब कमी आहे, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) चिकटतोय किंवा व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलला वाट देणारा भाग) झिजली आहे. हे बहुधा गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतं. ऑईल काळं, जळका वास, आणि गाडी तापल्यावर गिअर घसरतोय, असं तिन्ही एकत्र दिसलं तर मात्र आतल्या क्लच प्लेटा गेल्या. तिथे नवं ऑईल घालून काही वाचत नाही. "ऑईल बदललं म्हणून गिअरबॉक्स गेला" असं लोक सांगतात, त्यातले बरेच गिअरबॉक्स आधीच गेलेले असतात.

सीव्हीटी

यात गिअरच नाहीत. दोन पुली आणि स्टीलचा पट्टा. त्यामुळे गिअर बदलल्याचा झटका यात बसायलाच नको, आणि बसला तर दुर्लक्ष करू नका. हळू वेग घेताना अंगाला जाणवणारी थरथर ही खूण. कधी सॉफ्टवेअर किंवा व्हॉल्व्ह बॉडीने भागतं. पट्ट्याने पुलीवर चरे पाडले असतील तर बहुधा अख्खा गिअरबॉक्सच बदलतात. निसानने अमेरिकेत २०१३ ते २०१६ च्या अल्टिमाच्या सीव्हीटीची वॉरंटी ६०,००० मैलांवरून ८४,००० मैलांवर नेली होती. यात सीव्हीटीचंच ऑईल लागतं. साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं ऑईल) पडलं असेल तर गाडी सोडा.

डीसीटी

यात एकाऐवजी दोन क्लच असतात, आळीपाळीने गिअर धरणारे. इथे पहिला प्रश्न: क्लच कोरडा की ओला? फोक्सवॅगनचा सात गिअरचा डीक्यू२०० कोरडा, सहा गिअरचा डीक्यू२५० ओला. ओल्याचे क्लच ऑईलमध्ये बुडालेले, उष्णता सोसतात, पण ऑईल वेळेवर लागतं. डीक्यू२५० ला दर ६०,००० किलोमीटरला. कोरडा क्लच गर्दीत इंचाइंचाने सरकताना तापतो आणि पहिल्या गिअरला, रिव्हर्सला थडथडतो.

फोर्डच्या पॉवरशिफ्ट या कोरड्या डीसीटीमध्ये सीलमधून ऑईल झिरपून क्लचवर जायचं. ग्राहक तक्रार घेऊन गेले की तुमच्या चालवण्यामुळे होतंय, असं काहींना सांगितलं गेलं. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने या वागणुकीसाठी फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. विकणारा तुमच्या पायाला दोष देऊ लागला, तर हे आठवा.

क्लच बदलणं खर्चिक असलं तरी आटोपणारं काम आहे. मेकॅट्रॉनिक, म्हणजे डीसीटीचा मेंदू आणि हायड्रॉलिक एकत्र, गेला तर बिल दुसऱ्याच पातळीवर जातं. गिअर मधेच सुटून गाडी न्यूट्रलला येत असेल तर मी असा सौदा करणार नाही.

घ्यायची की सोडायची

ट्रायलला जाताना गाडी थंड ठेवायला सांगा आणि बोनेटला हात लावून खात्री करा. थंड गाडीवर एकदा, अर्धा तास चालवून तापल्यावर एकदा. चढावर थांबून निघा, रिव्हर्सला हळू सरकवा. स्कॅनर लावला की "कोड नाही", म्हणजे दोषाची नोंद नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही बऱ्याच गाड्या दाखवतात. ते २० किलोमीटर निघालं तर परवाच कुणीतरी पुसलंय. तेव्हाच गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकलेल्या सेटिंगही पुसल्या असतील, तर आजचा गुळगुळीतपणा चार दिवसांचा असू शकतो.

एएमटीचा क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टरची लॉक-अप थरथर असेल तर कामाचा लेखी अंदाज घ्या, तो किमतीतून वळता करा आणि घ्या. ओल्या डीसीटीच्या ऑईल बदलाच्या पावत्या असतील तरच पुढे बोला. कोरडी डीसीटी थडथडत असेल तर नव्या क्लचचा पूर्ण खर्च उतरल्याशिवाय नको. थरथरणारी सीव्हीटी आणि जळक्या वासाचं ऑईल, ही दोन मी किंमत कितीही उतरली तरी घेणार नाही.