किल्ल्यावरचा गुरुद्वारा आधी, मान मंदिर नंतर

ग्वाल्हेरला पाहुणे आले की किल्ल्यावर मान मंदिर, सास-बहू, तेली का मंदिर आणि वेळ उरला तर दाता बंदी छोड गुरुद्वारा, असा शहरातल्या लष्कर भागातल्या मराठी घरांचा ठरलेला क्रम असतो. तो उलटा करा. मे महिन्यात दुपारी दगडी फरशीवर अनवाणी चालणे म्हणजे शिक्षाच, म्हणून सकाळीच जावे.

गाडी उरवाई दरवाज्याने वर येते. पूर्वेचा ग्वाल्हेर दरवाजा पायी येणाऱ्यांचा; चढ दमवतो, गुडघे दुखणाऱ्यांना तिकडून नेऊ नये. रिक्षा केली तर जाऊन-येऊन ठरवा, परतीची वर मिळेलच असे नाही.

जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सुटताना अंगरख्याला ५२ टोके लावून, एकेक टोक धरायला देऊन त्यांनी कैदेतल्या ५२ राजांनाही बाहेर काढले, असे परंपरा सांगते. 'बंदी छोड' हे नाव त्यावरूनच आले.

बूट-मोजे काढा, पाय धुवा, डोके झाका. टोपी चालत नाही. ओढणी किंवा मोठा रुमाल घरूनच न्या. सिगारेट-गुटख्याची पुडी खिशातसुद्धा नको. आत मांडी घालून बसा, ग्रंथसाहेबाकडे पाय करू नका. माथा टेकून लगेच लंगरकडे पळणारे बरेच असतात. कीर्तन ऐकायचे राहूनच जाते. ग्रंथसाहेबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, एखाद्या शबदात, म्हणजे गायल्या जाणाऱ्या पदात, त्यांचे नाव कानावर पडू शकते.

कडा प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. सत्यनारायणाच्या शिऱ्याचे आपले माप सव्वाचे, इथे कणीक, तूप, साखर समसमान. कणीक तुपात खमंग भाजून, तूप सुटू लागले की साखरेचे गरम पाणी ओततात. रवा, केळे, वेलची काही नाही. हाताला तूप राहते. ते खांबाला पुसू नका, तळव्यांवरच चोळून टाका.

लंगरची पंगत जमिनीवरच. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, टोपलीत हात घालायचा नाही. पहिल्या वाढपात कमी घ्या, वाढणारे पुन्हा येतात; ताटात टाकलेले मात्र फार खटकते. पैसे कोणी मागत नाही, द्यायचे तर गोलकीत, म्हणजे दानपेटीत. हातभार लावायचा असेल तर विचारून पोळपाटाशी बसा, फक्त घडीच्या पोळीचा हट्ट घरी ठेवा: तिथे एकेरी, भराभर लाटलेली लागते.