थंडीतली गाडी : अत्तर ठेवावं की स्प्रे?

गाडीत सुगंधाची बाटली ठेवूच नये, घरी कपाटात अंधारात ठेवावी, हा सल्ला कुणीही देईल आणि तो बरोबरच आहे. पण ठाण्याच्या पातलीपाड्याहून सकाळी नवी मुंबईतलं महापे गाठायचं आणि संध्याकाळी तिथूनच परस्पर वाशीला रिसेप्शनला जायचं, तर घरचं कपाट काय कामाचं? मार्गशीर्षात लग्नं, संक्रांतीनंतर हळदीकुंकवाची ने-आण. गाडीत काहीतरी लागतंच. मग प्रश्न एवढाच उरतो, की तेलातलं अत्तर ठेवावं की अल्कोहोलातला स्प्रे. मी दोन्ही ठेवून पाहिलं आहे.

गोठण्याची भीती आधीच काढून टाका. शुद्ध इथेनॉल उणे ११४ अंशांना गोठतं. स्प्रेमध्ये थोडं पाणी असलं, तरी महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला हिमकण दिसतात त्या पहाटेही बाटली ढिम्म राहील. उलट परफ्यूम बनवणारे मिश्रण मुद्दाम गार करतात, मेणचट कण वेगळे झाले की गाळतात आणि मगच बाटल्या भरतात. अत्तर थंडीत दाट होतं, गुलाबाचं निखळ तेल तर विशीच्या आसपास गोठायलाच लागतं, पण तळहातात धरलं की पुन्हा पातळ. बिघडत कुणीच नाही. गारठ्यात वास मंद येतो, एवढंच. अंग तापलं की तो उघडतो.

आपल्याकडे खरी गोची दुपारी होते. येऊरच्या पायथ्याशी पहाटे १६-१७ अंश असतात आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पारा तिशी ओलांडतो. गाडी उभी एमआयडीसीत, उघड्यावर. मुलांना बंद गाडीत ठेवण्याच्या धोक्यावर २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. बाहेर साधारण २२ ते ३६ अंश असताना बंद गाडी तासाभरात सरासरी २२ अंशांनी तापली, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. तेव्हा जानेवारीतही बाटली सकाळी स्वेटरच्या हवेत असते आणि दुपारी भट्टीत. रोजची ही चढ-उतार कोण निभावतं, यावर माझा निकाल आहे.

कागदावर अत्तर जिंकायला हवं. हा मोसमच त्याचा. खस, केवडा, गुलाब उन्हाळ्यात. हिना, शमामा, अंबर हिवाळ्यात, असा जुना रिवाज आहे. कनौजची, डेग-भपक्यावर म्हणजे तांब्याच्या हंड्यात वाफेवर चंदनाच्या तेलात उतरवलेली हिना मनगटावर टेकवली की रात्रीच्या पंगतीपर्यंत सोबत करते. उडून जायला त्यात अल्कोहोल नाही आणि जड वास उष्णतेत सहसा टिकतात. स्प्रेचं तसं नाही. लिंबू-संत्र्याच्या जातीच्या टॉप नोट्स, म्हणजे फवारल्याबरोबर येणारे पहिले वास, उष्णतेने आणि हवेने आधी मरतात. माझ्या एका सिट्रस स्प्रेची पहिली दोन मिनिटं गाडीतल्या मुक्कामानंतर सपाट वाटायला लागली. नंतरचा वास मात्र, माझ्या नाकाला तरी, तोच राहिला.

तरीही अत्तर गाडीतून गेलं, आणि गेलं ते त्याच्या रोल-ऑनमुळे, म्हणजे बाटलीच्या तोंडाशी फिरणाऱ्या गोळीमुळे. सकाळी माजिवड्याच्या सिग्नलला टोपण काढावं तर तेल दाटलेलं, गोळी जागची हलेना. मनगटावर घासून घासून कातडी लाल व्हायची, वास नावाला. आणि दुपारी तीच गोळी फितूर. अर्धी रिकामी बाटली तापली की आतली हवा फुगते आणि पातळ झालेलं तेल गोळीच्या कडेने बाहेर ढकलते. रात्री गार झाली की हवा आत ओढून घेते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाटली जितकी रिकामी तितकी गळती जास्त, त्यामुळे नवी असताना काही कळत नाही. बाटली आडवी असेल तर विचारूच नका, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये ती आडवीच होते. इन्शुरन्सची पॉलिसी, पीयूसी, सर्व्हिसचं पुस्तक, सगळं भज्यांच्या कागदासारखं पारदर्शक झालं. कापूरबावडीला हवालदारांनी पीयूसी हातात घेतली, नाकाशी नेली आणि विचारलं, ‘‘साहेब, लग्नाला निघालात का?’’ निघालो होतो ऑफिसला. हे तेल प्लॅस्टिकमध्ये आणि कापडात मुरतं ते मुरतंच. एसी लावला की हिना हजर, नको असलेल्या दिवशीही.

स्प्रेच्या पंपाचं बूच यंत्राने आवळलेलं असतं, म्हणून तो सहसा गळत नाही. पाझरलाच तर अल्कोहोल उडून जातं, मागे पुसट डाग राहतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याचे बाकीचे दोष पोटात घालतो. तुमचं पार्किंग दोन्हीकडे स्टिल्टमध्ये असेल, तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल.

‘फेरोमोन’ (जोडीदाराला ओढणारं गंधद्रव्य) म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांना वेगळा नियम नाही. तेलातली असेल तर अत्तराचा हिशेब, अल्कोहोलातली असेल तर स्प्रेचा. गुणाबद्दल फार आशा धरू नका. रेशमाच्या पतंगाचं फेरोमोन १९५९ मध्ये सापडलं, माणसाचं असं एकही अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. अशा काही बाटल्यांत अँड्रोस्टेनोन असतं. ते काहींना अजिबात जाणवत नाही, काहींना चंदनासारखं वाटतं आणि काहींना चक्क लघवीसारखं. कारपूलमध्ये यातलं कोण शेजारी बसेल, सांगता येत नाही. ती गळकी रोल-ऑन असेल तर मी गाडीत घेणारच नाही.

स्प्रे ठेवायचाच तर दहा मिलीच्या छोट्या ॲटोमायझरमध्ये, म्हणजे फवाऱ्याच्या कुपीत, काढून ठेवा, शंभर मिलीची काचेची बाटली नको. अल्कोहोल शेवटी ज्वालाग्राही. सिट्रसऐवजी लाकडी किंवा मसालेदार वासाचा निवडा. ग्लोव्ह बॉक्स डॅशबोर्डसोबत तापतो, त्यापेक्षा पुढच्या सीटखालची सावली बरी. मारायचा तो गाडीतून उतरून. बंद काचांत मारलात तर मागे बसलेल्या सासूबाई ऐरोली पुलापर्यंत खोकत राहतील. डिओचा कॅन मात्र थंडीतही नको. त्याच्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि दुपारच्या उन्हातली गाडी तिथवर पोचते.

हिना आता घरी आहे. रिसेप्शन असलं की सकाळी निघतानाच लावतो, आणि संध्याकाळी वाशीत उतरल्यावर शर्टावर स्प्रेचा एक फवारा. होळी झाली की सीटखालचा ॲटोमायझरही घरी आणतो.