कांजिण्यांची अँटीबॉडी टेस्ट: फामा, एलायझा की लॅटेक्स?

लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, हे आठवत नाही आणि कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क तर झालाय. अशा वेळी रक्तात कांजिण्यांविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे संरक्षक प्रथिनं, आहेत का ते बघतात. ती टेस्ट निवडण्याआधी कोणती चूक परवडणार नाही ते ठरवा. निरोगी प्रौढाचा रिपोर्ट चुकून निगेटिव्ह आला, तर फार तर लशीचा एखादा डोस जास्त जातो. गर्भवतीचा किंवा केमोथेरपी चालू असलेल्या मुलाचा चुकून पॉझिटिव्ह आला, तर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या तयार अँटीबॉडी) देण्याचे संपर्कानंतरचे १० दिवस हातातून निसटतात. माझ्या मते ही दुसरी चूक कितीतरी भयंकर.

बाकी टेस्ट ज्या कसोटीवर तपासतात ती म्हणजे फामा. १९७४ साली विल्यम्स, गर्शन आणि ब्रुनेल यांनी ती मांडली. विषाणूची लागण झालेल्या जिवंत पेशींच्या आवरणावर अँटीबॉडी चिकटल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची कड चमकते. १:४ किंवा त्याहून जास्त टायटर (रक्ताचा नमुना किती पातळ केला तरी अँटीबॉडी दिसतात, ते माप) असलेल्यांना घरात रुग्ण असूनही कांजिण्या क्वचितच होतात. म्हणूनच तिचा शब्द अखेरचा. पण पेशी वाढवायला हव्यात, बघणारा डोळा सरावलेला हवा. रोजच्या लॅबमध्ये हे जमत नाही.

तिथे चालते ती एलायझा, म्हणजे अँटीबॉडी असल्या की रंग बदलणारी टेस्ट. एका प्लेटवर पुष्कळ नमुने होतात, निकाल यंत्र वाचतं. रोग होऊन गेलेल्यांमध्ये ती चांगली काम करते. लस घेतलेल्यांमध्ये मात्र अँटीबॉडी कमी असतात आणि बाजारातले किट त्या बऱ्याचदा चुकवतात. शुद्ध ग्लायकोप्रोटीन (विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन) वापरणारी जीपी-एलायझा हे बारकावे पकडते, पण ती लशीच्या चाचण्यांसाठी वापरली गेली, सर्रास विकत मिळत नाही.

लॅटेक्स टेस्टमध्ये अँटीबॉडी असल्या की लॅटेक्सच्या बारीक कणांच्या गुठळ्या होतात. ती मिनिटांत होते, यंत्र लागत नाही, आणि साध्या एलायझापेक्षा संवेदनशील आहे. तरी खोट्या पॉझिटिव्हचा धोका आहेच, म्हणून गर्भवतीचा निर्णय एकट्या लॅटेक्सवर सोडू नये.

आयजीएम (ताज्या संसर्गात तयार होणाऱ्या अँटीबॉडीची टेस्ट) इथे मागवूच नका. अंगावर पुरळ असेल तर फोडातल्या द्रवाची पीसीआर करा.

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची सरसकट तपासणी असेल तर एलायझा घ्या. ज्यांच्याकडे लशीच्या दोन डोसांची नोंद आहे त्यांची टेस्टच नको. निगेटिव्ह आली तरी नोंदच खरी मानायची. गर्भवतीसाठी आकड्यात निकाल देणारी एलायझा, आणि सीमारेषेवरचा आकडा निगेटिव्हच धरायचा. नमुना इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्त देण्याआधी काढा, नाहीतर रिपोर्टमध्ये दात्याच्या अँटीबॉडी दिसतील.