जुनं सोन्याचं पॉकेट वॉच: टकाटक पण बिनइतिहासाचं घ्यावं की मालकांची कहाणी असलेलं?

बऱ्याच जणांचं घोडं शेवटी इथेच अडतं. एक घड्याळ एकदम टकाटक, एनॅमल डायलवर चरा नाही, पण आधी कोणाकडे होतं विचारलं तर काहीच माहिती नाही. दुसऱ्याला पोचे आलेत, डायलला केसाएवढी चीर आहे, पण आतल्या झाकणावर नाव कोरलंय, सोबत जुनी पावती आहे आणि विकणारा शपथेवर सांगतोय की हे अमक्या बड्या माणसाचं. अर्थात दुसरं महाग.

सोनं आणि मशीन आधी उरकून घेऊ. १८ कॅरेटला ७५० आणि १४ कॅरेटला ५८५, हे आकडे बघायचे, आणि केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीवर, 'गोल्ड फिल्ड' किंवा २० वर्षांची वॉरंटी कोरलेली दिसली तर ते भरीव सोनं नाही, वर फक्त सोन्याचा पत्रा आहे. कंडिशनमध्ये पहिलं जिंकतं, वादच नाही. पण झाकण जरा जास्तच गुळगुळीत वाटलं तर तिरक्या उजेडात धरा. मधोमध हलकासा खळगा दिसला, तिथला पत्रा पातळ लागला, तर आधीच्या मालकाचं नाव बहुतेक घासून काढलंय, म्हणजे इतिहास होता, कोणीतरी पुसला.

आता मालकी, खरा खेळ इथे आहे. टायटॅनिकवर बुडालेल्या जॉन जेकब अॅस्टर या अमेरिकन धनाढ्याचं १४ कॅरेटचं वॉल्थम घड्याळ २०२४ मध्ये लिलावात फीसकट सुमारे ११ लाख ७५ हजार पौंडांना गेलं. वॉल्थम ही काही दुर्मिळ कंपनी नाही, लाखोंनी घड्याळं काढली त्यांनी. पण यावर त्याची आद्याक्षरं कोरलेली होती, मृतदेहासोबत सापडलेल्या वस्तूंच्या यादीत सोन्याच्या घड्याळाची नोंद होती आणि पुढे मुलगा व्हिन्सेंटने ते दुरुस्त करून वापरलं. म्हणजे कहाणीचा प्रत्येक टप्पा कुठेतरी टेकलेला आहे. नाहीतर 'आमच्या आजोबांना एका राजाने दिलं' हे काय, कोणीही सांगतं.

त्यामुळे दुसऱ्या घड्याळाला माझा पहिला प्रश्न एकच असतो, कागदावरचा नंबर आणि मशीनवरचा नंबर जुळतो का? पावतीवर नुसतं 'सोन्याचं घड्याळ' असेल तर ती कुठल्याही घड्याळासोबत ठेवता येते. पाटेक फिलिप या स्विस कंपनीकडून अर्काइव्हचा, म्हणजे त्यांच्या जुन्या नोंदींचा, उतारा मिळतो, त्यात बनवल्याची आणि विकल्याची तारीख, केस आणि मूव्हमेंटचे (मशीनचे) नंबर असतात, पण गिऱ्हाईकाचं नाव नसतं, हे लोक विसरतात आणि उतारा दाखवून मालकी सिद्ध झाली म्हणतात. ब्रेगे या जुन्या घड्याळ कंपनीच्या वह्यांमध्ये मात्र खरेदीदारांची नावं आहेत, म्हणून त्यांचं सर्टिफिकेट जास्त वजनदार. जुन्या अमेरिकन घड्याळांचं वेगळंच, मशीन एका कंपनीचं आणि केस दुसऱ्याची हे तिथे नेहमीचंच, त्यामुळे दोन वेगळे नंबर बघून लगेच घाबरू नका, पण केसमध्ये वापरात नसलेल्या स्क्रूच्या खुणा दिसल्या तर मशीन नंतर बसवलंय असं धरा, कारण सोन्याच्या केस वितळवून उरलेलं मशीन दुसऱ्या केसमध्ये बसवण्याचे प्रकार भरपूर झालेत.

आणि मालकीच्या कागदांत मधली वर्षं कोरी असतील तर? तेव्हा सावध. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी म्हणून १७८३ मध्ये ऑर्डर दिलेलं ब्रेगेचं १६० नंबरचं घड्याळ १८२७ मध्ये पूर्ण झालं, तोवर ती राणीही हयात नव्हती आणि कंपनी काढणारा ब्रेगेही. तेच घड्याळ १९८३ मध्ये जेरुसलेमच्या म्युझियममधून चोरीला गेलं ते २००७ मध्ये परत मिळालं. एवढं जगप्रसिद्ध घड्याळ दोन दशकं गायब राहू शकतं, तर साध्या घड्याळाच्या कागदांमधल्या भोकात चोरीचा माल सहज बसतो, आणि तो परत मागणारा उद्या तुमच्याच दारात उभा राहणार.

माझं म्हणाल तर खिशात घालून वापरायचं असेल, अधूनमधून चावी द्यायला आवडत असेल तर पहिलंच घ्या, कहाणीचे पैसे भरू नका. जपून ठेवायचं, पुढे विकायचं असेल आणि नंबर जुळत असेल तर दुसरं, पोचे आणि चिरेसकट, आणि ते पोचे काढायला, कोरलेलं नाव पॉलिश करायला कोणाला देऊ नका. नंबर जुळत नसेल तर मात्र दुसऱ्याला कंडिशनचीच किंमत लावायची, म्हणजे पहिल्यापेक्षा कमी, आणि विकणारा तयार नसेल तर राहू द्या त्याच्याकडेच.