गोगलगायीचे सहा धडे: संच घ्या, पहिला धडा सोडा

निकाल आधीच सांगते. संडे स्कूलसाठी, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गासाठी, गोगलगायीवरून विश्वास शिकवणारा हा संच घेण्यासारखा आहे, फक्त त्यातला पहिला धडा कपाटातच राहू द्या.

मी एरवी शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमधल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. त्यामुळे प्राण्यांवरून विश्वासाचे धडे म्हटलं की मी जरा सावध होते. सिंह, गरुड, कोकरू यांच्यावर ढिगाने साहित्य मिळतं. इथे मात्र जंगलात पाचोळ्याखाली राहणारी साधी गोगलगाय निवडली आहे. शिक्षकपुस्तिका, मोठी चित्रकार्डं आणि मुलांनी भरायच्या पत्रिका एवढा ऐवज. पुस्तिकेच्या सुरुवातीला बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायातली लहान पण शहाणी चौकडी आठवून दिली आहे: मुंगी, शाफान (खडकांत राहणारा सशासारखा लहान प्राणी), टोळ आणि पाल. गोगलगाय त्या यादीत नाही, हेही तिथेच सरळ लिहिलंय. तिथे मला वाटलं, लिहिणाऱ्याला आपल्या मर्यादा ठाऊक आहेत.

मग पहिला धडा काढला. पावसात भिजणाऱ्या किड्याला गोगलगाय आपला शंख काढून देते आणि स्वतः उघड्यावर झोपते. वचन योहान १५:१३, मित्रासाठी जीव देण्याचं. भावना उत्तम, पण शंख म्हणजे काही रेनकोट नव्हे. अंड्यातून बाहेर येतानाच पिल्लाच्या पाठीवर इवलासा शंख असतो, तो अंगाबरोबर वाढतो आणि आतून स्नायूने शरीराला घट्ट बांधलेला असतो. तो काढला तर गोगलगाय मरते. चित्रात डोळेही चेहऱ्यावर काढलेत, खरे तर ते लांब शिंगांच्या टोकांवर असतात. "टीचर, हे खोटं आहे," असं एक मुलगी म्हणालीच. ज्या तासाला मुलं असं म्हणतात, त्याच तासाला वचन खरं आहे हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खऱ्या गोष्टीची काही कमी होती का? शंखाला लहानसा तडा गेला तर गोगलगाय आतून चुन्याचा नवा थर देऊन तो बुजवते. एवढं हाताशी असताना खोटी कथा रचायची गरज काय, हे मला कळलं नाही.

नोहाच्या तारवाचा, म्हणजे महापुरातून प्राण्यांना वाचवणाऱ्या त्याच्या जहाजाचा, तिसरा धडा मात्र या संचाचा कळस आहे, तोही लेखकाच्या हेतूपेक्षा वेगळ्या कारणाने. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज उपदेशक चार्ल्स स्पर्जन (१८३४–१८९२) यांच्या नावावर एक प्रसिद्ध वाक्य आहे, की चिकाटीच्या जोरावर गोगलगायसुद्धा तारवापर्यंत पोहोचली. धडा त्यावरच उभा आहे. पत्रिकेत गणित दिलंय: गोगलगाय सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या उत्पत्ति ७:४ प्रमाणे पाऊस सुरू व्हायला सात दिवस आहेत, न थांबता ती किती लांब जाईल? उत्तर येतं सहाशे मीटरच्या आसपास. मोठ्या मुलांनी वहीत मांडून ते काढलं, आणि एकाने लगेच विचारलं, "मग ती एक किलोमीटरवर राहत असेल तर?" पुस्तिकेत याचं उत्तर नाही. तिथे एवढंच आहे, की प्रयत्न करणाऱ्याला देव साथ देतो. हे तर आपलं 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता' झालं. त्यासाठी नोहा कशाला हवा?

मी पुस्तिका मिटली आणि मुलांना उत्पत्तीतलाच मजकूर वाचायला दिला. ६:२० मध्ये प्राणी आपण होऊन नोहाकडे येतील असं सांगितलंय, आणि ७:१६ मध्ये दार नोहा लावत नाही, परमेश्वर लावतो. "दार कोणी लावलं?" एवढ्या एका प्रश्नावर वर्ग रंगला. किलोमीटरवाल्याने स्वतःच तोड काढली: देवाने तिला आधी निघायला सांगितलं असेल. दुसरी म्हणाली, ती आत गेल्याशिवाय त्याने दार लावलंच नसेल. शास्त्रात यातलं काही लिहिलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण गोगलगायीच्या कर्तबगारीवरून गाडी दार लावणाऱ्याकडे वळली, ते मला पुरेसं होतं. हा प्रश्न तुम्हीही विचारून पाहा.

चौथा धडा, वाट पाहण्याचा, जसाच्या तसा शिकवा. कोरड्या दिवसांत गोगलगाय शंखात शिरते, तोंडाशी चिकट द्रावाचा पातळ पडदा वाळवून घेते आणि ओल परत येईपर्यंत, कधी कधी कित्येक महिने, तशीच राहते. जोडीला स्तोत्र ४६:१०, शांत राहून देवाला ओळखण्याचं. याला पुनरुत्थानाशी जोडण्याचा मोह कोणालाही झाला असता. इथे तो टाळलाय, आणि बरोबरच आहे. ती मेलेलीच नसते. मुलांना डोळे मिटून पावसाचा आवाज ऐकू येतो का हे पाहायला सांगतात, तो खेळ चुळबुळ्या मुलांनाही जमतो.

पाचव्यात गोगलगायीच्या मागे उरणाऱ्या चमकत्या रेषेवरून 'तुमचा प्रकाश लोकांसमोर पडो' शिकवायचंय. मत्तय ५:१६. पण मुलांना वाचायला १३ व्या वचनापासून दिलं तर सावध राहा! तिथे 'तुम्ही पृथ्वीचे मीठ' आहे, आणि मिठाने गोगलगायीचं काय होतं हे मुलांना पक्कं माहीत असतं. अंगातलं पाणी ओढलं जाऊन ती तडफडते. माझ्या वर्गात त्यावर एकच गलका झाला. शेवटी गोगलगायीवर मीठ टाकायचं नाही अशी शपथच सगळ्यांनी घेतली, तेव्हा तो तासही फुकट गेला नाही म्हणायचा.

दुसरा धडा धीराचा, ठीक आहे, लक्षात राहत नाही. सहावा नम्रतेचा. जमिनीलगत सरपटते म्हणून ती नम्र, असं चित्रकार्ड म्हणतं. तिला तसंच घडवलंय, त्यात तिची नम्रता कुठली? फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला प्रभू येशू वर असून आपण होऊन खाली आला. हा फरक पुस्तिकेत आहे, पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत. तो आधी वाचा, मग कार्ड दाखवा. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण कोणीतरी काढणारच. काढू द्या. पोटाखालचा तो पसरट भाग म्हणजे तिचा एकुलता एक पायच असतो, हे सांगितलं की मुलं खूश.

एक गोष्ट मात्र प्रकाशकाने छापायलाच हवी होती. जिवंत गोगलगाय तळहातावर फिरू द्या असा उपक्रम आहे आणि हात धुण्याबद्दल अवाक्षर नाही. काही गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या कृमीच्या अळ्या असतात, त्या माणसालाही बाधतात. गोगलगाय काचेच्या बरणीत ठेवून दाखवा, कोणी हात लावलाच तर साबणाने धुवायला लावा, आणि तास संपला की तिला होती तिथे सोडून या.

कार्डांचा कागद जाड आहे, ओल्या हातांनीही खराब होत नाही. पत्रिका मात्र दहाच मुलांपुरत्या येतात, तेव्हा वर्ग मोठा असेल तर आदल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवा.