थडग्यांच्या दगडासाठी डी/टू बायोलॉजिकल सोल्यूशन

जुन्या थडग्यांवरचं शेवाळ आणि दगडफूल काढायला हे द्रावण उत्तम. यात ब्लीच नाही, हा सर्वांत मोठा गुण. ब्लीचचे क्षार दगडात मुरतात, आत त्यांचे स्फटिक होतात आणि पृष्ठभागाच्या खपल्या निघून कोरलेली अक्षरंच जातात. आधी दगड साध्या पाण्याने चिंब भिजवा. मग द्रावण फवारून १०-१५ मिनिटं थांबा, मऊ नायलॉन ब्रशने खालून वर घासा, भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर अजिबात नको! उरलेला काळपटपणा पुढच्या काही आठवड्यांत आपोआप उतरत जातो, म्हणून पुन्हा पुन्हा घासू नका. गंजाच्या डागांवर मात्र उपयोग नाही. बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण सुटणारा संगमरवर असेल, तर आधी संवर्धकाला दाखवा.