पितळी ब्रश आणि इंजिनाची काळी चाके

एचओ मापाचे, म्हणजे मूळ रेल्वे इंजिनाच्या १/८७ आकाराचे मॉडेल आपली वीज रुळांवरून चाकांवाटे घेते. त्यामुळे चाकांवर काळे पुट चढले की आधी दिवे लुकलुकू लागतात, आणि डीसीसी, म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या इंजिनात आवाज मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मी कित्येक महिने केवळ रूळ पुसत राहिलो; चाकांवरचा मळ दोन फेऱ्यांत तेच रूळ पुन्हा काळे करतो, हे फार उशिरा ध्यानात आले. त्यानंतर केडी या अमेरिकी कंपनीचा ‘स्पीडी ड्रायव्हर क्लीनर’ हा ब्रश मागवला. डबे जोडणाऱ्या कपलरमुळे ही कंपनी आपल्या छंदातल्या बहुतेकांना परिचित आहेच.

या ब्रशाचे तत्त्व मला मनापासून आवडले. पितळी तारांचे दोन भाग एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवलेले आहेत आणि त्यांना जोडलेल्या दोन वायरी रुळांना वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरला लावायच्या असतात. इंजिन फोमच्या पाळण्यात उलटे निजवून ब्रश दोन्ही बाजूंच्या चाकांवर अलगद टेकवला, की त्याच तारांतून मोटरला वीज मिळते, चाके फिरू लागतात आणि स्वतःच स्वतःला घासून घेतात. ब्रश दाबण्याची मुळीच गरज नसते. दाबला तर मोटरवर ताण येतो आणि सफाईही वाढत नाही. पितळ निकेलच्या मुलाम्यापेक्षा मऊ असल्याने चाकावर ओरखडे उठण्याची भीती कमी राहते. याउलट सँडपेपरने घासलेले चाक पहिल्या दिवशी चकचकीत दिसते, पण बारीक चऱ्यांत मळ अधिकच लवकर साचतो.

मात्र हा ब्रश मोटरने फिरणाऱ्या चाकांपुरताच आहे. वाफेच्या इंजिनाच्या टेंडरची, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीची चाके बहुधा नुसती ओढली जातात, आणि अनेक मॉडेलांत वीज तीही घेतात. ती हाताने फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावी लागतात. दुसरी मर्यादा रबराची. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तशी काही मॉडेलांच्या एकदोन चाकांना पकड वाढवण्यासाठी रबरी धाव बसवलेली असते, आणि तिथे तारेचा ब्रश चुकूनही लावू नये. निघालेला मळ गिअरमध्ये जाऊ नये म्हणून शेवटी कोरड्या सुती फडक्याने पुसणेही आवश्यक आहे.

तेलाबाबत चूक माझीच होती. सफाईनंतर मी आसांवर सढळ हाताने तेल सोडले. ते ओघळून चाकांवर आले आणि आठवड्याभरात धुळीशी मिसळून पूर्वीपेक्षा घट्ट पुट बसले. आता प्लॅस्टिकला न बाधणारे तेल सुईच्या टोकावर येईल तेवढेच, तेही फक्त आसाच्या टेकूपाशी लावतो.

सर्वांनी हा ब्रश घ्यावा का? दोन बोग्यांच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, तर इंजिनाखालचा चाकांचा वळणारा संच) डिझेल इंजिनासाठी माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. रुळांवर किचन टॉवेलची पट्टी आडवी टाकून ती अल्कोहोलने जेमतेम दमट करावी, एक बोगी तिच्यावर आणि दुसरी उघड्या रुळांवर ठेवावी आणि इंजिन हाताने धरून चालवावे. कागदावर काळ्या रेघा उमटतात, आणि त्या उमटेनाशा झाल्या की इंजिनाचे तोंड दुसरीकडे करून दुसरी बोगी कागदावर घ्यावी. खर्च जवळपास शून्य. खोलीची खिडकी उघडी आणि ज्योत दूर असावी, इतकेच. वाफेच्या इंजिनाची मोठी चाके मात्र एकाच ताठ सांगाड्यात ओळीने बसवलेली असतात, आणि टेंडरमधून वीज मिळत नसेल तर कागदावर ती अडतात, घसरतात किंवा फिरतच नाहीत. तिथे हा ब्रश दोन मिनिटांत काम उरकतो. परदेशातून मागवण्याचा टपालखर्च पाहता, ज्याच्याकडे वाफेची तीनचार इंजिने आहेत त्यानेच तो घ्यावा. माझ्याकडे चार आहेत.